वॉल्डॉर्फ शिक्षक : पदवीनंतरची दुसरी शाळा

पदवी झाली, बी.एड. झाले, पाठ-टाचणांच्या वह्या कपाटात गेल्या. त्यानंतर एखाद्या प्रशिक्षणवर्गात ओला कागद पुढे ठेवून ‘आज फक्त पिवळा रंग पसरवा’ असे सांगण्यात आले, तर पंचविशीतल्या पदवीधराला तो पोरखेळच वाटण्याची शक्यता अधिक. वॉल्डॉर्फ पद्धतीच्या शिक्षक-प्रशिक्षणाची सुरुवात मात्र बहुधा अशीच होते. चित्रकलेचा शिक्षक तयार करणे हा त्यामागचा हेतू नसतो. गणित, भाषा, इतिहास, विज्ञान हे सारे विषय कलेच्या अंगाने शिकवू शकेल असा शिक्षक घडवणे, हा हेतू असतो. आणि तसे करायचे तर कला आधी शिक्षकाच्या हातात आणि गळ्यात उतरली पाहिजे, असा या पद्धतीचा आग्रह आहे.

भारतात या विचाराची पहिली शाळा १९९७ मध्ये हैदराबादला ‘श्लोका’ या नावाने सुरू झाली. मुंबईत अंधेरीला ‘त्रिधा’ २००० साली उभी राहिली. पुण्यात ‘स्वधा’ हे वॉल्डॉर्फ केंद्र काम करते. मुळशी तालुक्यातील कोळवण खोऱ्यात बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी उभ्या राहिलेल्या ‘साधना व्हिलेज’नेही याच विचारातून निघालेल्या ‘कॅम्पहिल’ चळवळीपासून प्रेरणा घेतली. पुणे-मुंबईच्या मध्यावर खंडाळ्यात अनेक वर्षे भरलेल्या वॉल्डॉर्फ शिबिरांनी देशभरातील शिक्षकांची या पद्धतीशी पहिली ओळख करून दिली. म्हणजे पुणेकर पदवीधराला हा मार्ग आता परका राहिलेला नाही. हा मार्ग नेमका काय देतो, त्यासाठी काय मोजावे लागते आणि त्याच्या शेवटी नोकरीच्या दृष्टीने काय हाती लागते, हे मात्र फारसे कोणी नीट सांगत नाही.

कारखान्याच्या दारातील शाळा

‘वॉल्डॉर्फ’ हे कोणा शिक्षणतज्ज्ञाचे नाव नव्हे, ते सिगारेटच्या कारखान्याचे नाव आहे. जर्मनीतील स्टुटगार्ट येथील वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया कारखान्याचे चालक एमिल मोल्ट यांना पहिल्या महायुद्धानंतरच्या पडझडीत आपल्या कामगारांच्या मुलांसाठी शाळा हवी होती. त्यांनी रुडॉल्फ स्टायनर (१८६१-१९२५) या ऑस्ट्रियन विचारवंताला पाचारण केले. शाळा सर्व थरांतील मुलांना खुली असावी, मुलगे-मुली एकत्र शिकावेत, बारा वर्षांचे सलग शिक्षण असावे आणि शाळेचा कारभार प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांच्याच हाती असावा, अशा अटी स्टायनर यांनी घातल्या. ७ सप्टेंबर १९१९ रोजी शाळा उघडली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्याआधीच्या दोन आठवड्यांत घडली. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापासून स्टायनर यांनी भावी शिक्षकांना दररोज शिकवले. सकाळी मानवी वाढीविषयीची व्याख्याने, नंतर अध्यापनपद्धती, आणि मग प्रत्यक्ष वर्गातल्या प्रश्नांवर चर्चा. त्या शिक्षकांपैकी सगळेच पेशाने शिक्षक नव्हते. ती व्याख्याने पुस्तकरूपाने आली आणि जगभरातील वॉल्डॉर्फ प्रशिक्षण आजही त्यांच्यापासूनच सुरू होते. शाळा चालू होण्याआधी शिक्षक घडवणे आणि शाळा चालू झाल्यावर दर आठवड्याला सर्व शिक्षकांनी एकत्र बसून एकेका मुलाविषयी बोलणे, या दोन्ही प्रथा त्या पहिल्या शाळेतून आलेल्या आहेत. नाझी राजवटीत १९३८ मध्ये ही शाळा बंद करण्यात आली आणि युद्धानंतर १९४५ मध्ये पुन्हा उघडली.

त्याच १९१९ साली शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी कलाभवन सुरू केले, हा निव्वळ योगायोग. कलेला शिक्षणाच्या मध्यभागी आणण्याची तहान त्या काळी एकाच देशाला लागली नव्हती, एवढे त्यावरून दिसते.

प्रशिक्षणात काय चालते?

जर्मनीत स्टुटगार्टला किंवा बॉनजवळच्या आलानुस विद्यापीठात हा अभ्यास पदव्युत्तर पदवीपर्यंत करता येतो. भारतात त्याचे स्वरूप बहुधा अर्धवेळ असते. शिक्षक आपापली नोकरी सांभाळून सुट्यांमध्ये एकत्र येतात, एकेका सत्रात एक-दोन आठवडे राहतात आणि असा अभ्यास दोन-तीन वर्षे चालतो. मधल्या काळात वाचन, निरीक्षणाच्या नोंदी आणि अनुभवी शिक्षकाच्या वर्गात बसणे. शिकवायला येणाऱ्यांमध्ये युरोप-ऑस्ट्रेलियातील निवृत्त शिक्षकांचा वाटा आजवर मोठा राहिला आहे.

दिवसाची आखणी शाळेसारखीच. सकाळी सामूहिक गाणे आणि तालबद्ध हालचाल, मग दोन तासांचा मुख्य पाठ. वॉल्डॉर्फ शाळेत एकच विषय सलग तीन-चार आठवडे रोज सकाळी घेतला जातो, मग तो बाजूला ठेवून दुसरा. मधल्या काळात पहिला विषय मनात मुरतो, असे मानले जाते. मुले छापील पाठ्यपुस्तकाऐवजी स्वतःची सचित्र वही तयार करतात. शिक्षकालाही प्रशिक्षणात तशीच वही करावी लागते. फळ्यावर रंगीत खडूंनी चित्र काढावे लागते, बासरी वाजवावी लागते, दोन सुयांवर विणावे लागते, मेणाच्या किंवा मातीच्या आकृती कराव्या लागतात, लाकूड तासावे लागते. गोष्ट वाचून दाखवायची नाही. ती पाठ करून, स्वतःची करून सांगायची. ज्यांनी आयुष्यात ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणून हात आखडता घेतला, त्यांच्यासाठीच हा भाग कसोटीचा असतो. माझ्या मते तोच या प्रशिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. चाळिसाव्या वर्षी बासरीतून पहिला बेसूर काढणाऱ्या शिक्षिकेला सहा वर्षांच्या मुलाची पहिली वेडीवाकडी ओळ वेगळ्या नजरेने दिसते.

गणिताचे एक उदाहरण घेऊ. एका वर्तुळावर शून्य ते नऊ असे दहा बिंदू समान अंतरावर मांडायचे आणि पाढ्यातील प्रत्येक संख्येचा फक्त एकक अंक घेऊन ते बिंदू क्रमाने दोऱ्याने जोडायचे. दोनच्या पाढ्यात ०, २, ४, ६, ८ असे जात पंचकोन तयार होतो. चारच्या पाढ्यात ०, ४, ८, २, ६ असे जात पाच टोकांची चांदणी उमटते. तीनचा पाढा दहाही बिंदूंना स्पर्श करून दहा टोकांची चांदणी करतो आणि सातचा पाढा नेमकी तीच चांदणी उलट्या दिशेने काढतो. सहाचा पाढा चारच्या चांदणीवरून उलटा परततो. कोणत्या दोन पाढ्यांची आकृती एक येते, हे शोधताना मुलाच्या लक्षात येते की त्या दोन संख्यांची बेरीज दहा होते. पुढे बीजगणितात भेटणाऱ्या एका कल्पनेशी येथे हाताने आणि डोळ्यांनी ओळख होते. आपल्याकडे पाढे म्हणण्याची, पावकी-निमकीची मोठी परंपरा होती. ती तालात होती, घोकण्यात होती; तिला आकृतीची जोड मिळाली तर काय होते, ते पाहायला हे प्रात्यक्षिक स्वतः करून पाहावे. पाटीवर खिळे ठोकून केलेली अशी साधने काही शाळांत दिसतात.

मराठी वर्गात उतरताना

खरा प्रश्न प्रशिक्षणातून बाहेर पडल्यावर सुरू होतो. वॉल्डॉर्फचा रूढ अभ्यासक्रम युरोपच्या मातीतला आहे. पहिलीत परीकथा, दुसरीत प्राणिकथा आणि संतचरित्रे, तिसरीत बायबलच्या जुन्या करारातील कथा, शेती आणि घरबांधणी, चौथीत उत्तर युरोपातील देवकथा, पाचवीत भारत-इराण-इजिप्त-ग्रीस या प्राचीन संस्कृती, सहावीत रोम. प्रत्येक टप्प्यामागे मुलाच्या वयाचा विचार आहे. दुसरीच्या मुलाला माणसातील लबाडी आणि थोरवी शेजारी शेजारी दाखवावी, म्हणून प्राणिकथा आणि संतकथा एकत्र. पुण्यातील शिक्षकाने येथे असिसीच्या संत फ्रान्सिसपाशीच थांबण्याचे कारण नाही. पंचतंत्र हाताशी आहे. मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांना ताटी उघडायला विनवणे, जनाबाईचे जाते, चोखोबांचे महाद्वाराबाहेर उभे राहणे, हे सारे आपल्याच दारातले आहे. चोखोबांची गोष्ट सात-आठ वर्षांच्या मुलाला कशी सांगावी, हा प्रश्न मात्र कोणत्याही युरोपीय हस्तपुस्तिकेत सुटलेला सापडणार नाही. तो इथल्याच शिक्षकाने सोडवायचा आहे.

अक्षर-ओळखीचेही तसेच. वॉल्डॉर्फ वर्गात अक्षर चित्रातून जन्माला येते. इंग्रजी शिकवणारा शिक्षक डोंगराच्या दोन शिखरांतून ‘एम’ काढून दाखवतो, कारण ‘माउंटन’ या शब्दाचे ते पहिले अक्षर. देवनागरीत हे किती साधेल? ‘न’ नळासारखा दिसतो, ‘त’ची कमान तलवारीच्या पात्यासारखी आहे. पण रोमन लिपीत सव्वीस अक्षरे, तर आपल्याकडे स्वर-व्यंजने मिळून पन्नासच्या आसपास. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरे. प्रत्येकाचे चित्र शोधत बसले तर ओढूनताणून आणलेली चित्रेच अधिक होतील. काही निवडक अक्षरे चित्रातून द्यावीत आणि बाराखडी तालावर, पावले टाकत, हातवाऱ्यांनी म्हणावी, हे अधिक सयुक्तिक वाटते. कारण बाराखडीची रचना मुळातच लयीची आहे. जी पद्धत इंग्रजीत सहज आहे ती मराठीत जशीच्या तशी आणण्याचा हट्ट धरला, तर पद्धतीचे नाव राहील आणि मूळ हेतू हरवेल.

काही ठिकाणी मात्र आपल्याला आयतेच मिळते. लहान वर्गांत वॉल्डॉर्फ शिक्षक पाच सुरांतील गाणी घेतात, कारण त्या स्वरांत चुकीचा सूर लागण्याची भीती कमी असते. भूप रागाची ओळख असलेल्याला वेगळे सांगायला नको : सा, रे, ग, प, ध. अक्षरलेखनापूर्वी हाताला वळण लागावे म्हणून सरळ आणि वक्र रेषांच्या, समतोल साधणाऱ्या आकृत्या काढून घेतल्या जातात. ठिपक्यांची रांगोळी पाहत मोठ्या झालेल्या शिक्षिकेला ही गोष्ट आजीनेच शिकवलेली असते. चिंध्यांची बाहुली, सावंतवाडीची लाकडी खेळणी, गणपतीच्या दिवसांतील शाडूची माती, गोधडीचे टाके यांना या वर्गात हक्काची जागा आहे. आयात केलेल्या मेणाच्या कांड्या आणि लोकरीच्या भावल्या यांचा सोस प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षी बऱ्याच जणांना होतो. तो उतरतो.

या बाबतीत महाराष्ट्राजवळ स्वतःचे दोन मोठे दाखले आहेत. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह माँटेसोरीचा विचार स्वीकारला, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पण १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये काम करताना ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी परदेशी महागडी साधने बाजूला सारून गोटे, शिंपले, बिया, पाने यांतून साधने उभी केली. मुले शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरांमागे कुरणात नेली. त्यासाठी लागणाऱ्या सेविका आणि शिक्षिका त्यांनी तेथेच तयार केल्या. दुसरा दाखला सेवाग्रामचा. वर्ध्याला १९३७ मध्ये झालेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम पुढे आली. तेथे १९४४ साली शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद कलाशिक्षक म्हणून आले. त्यांच्या ‘शिक्षा का वाहन : कला’ या हिंदी पुस्तकात मुलांच्या चित्रांचा आणि शिक्षकाच्या भूमिकेचा जो विचार आहे, तो वॉल्डॉर्फ प्रशिक्षणार्थ्याने स्टायनरच्या बरोबरीने वाचावा असा आहे.

स्टायनर यांच्याविषयी काही खडे

हे सारे आकर्षक वाटत असताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. स्टायनर यांचा शिक्षणविचार ‘अँथ्रोपॉसॉफी’ या त्यांच्या आध्यात्मिक दर्शनावर उभा आहे. पुनर्जन्म, सूक्ष्म देह, सात-सात वर्षांचे टप्पे, चार स्वभावप्रकृती हे त्यात गृहीत धरलेले असते. पुणेरी वाचकाला कर्म आणि पुनर्जन्म हे शब्द परके नाहीत, म्हणून ते चटकन पटतात. पण पटणे वेगळे आणि पुराव्याने सिद्ध होणे वेगळे. चार प्रकृतींची वात-पित्त-कफाशी घाईने सांगड घालून वर्गातील मुलांवर शिक्के मारणे तर निश्चितच धोक्याचे.

त्याहून गंभीर म्हणजे स्टायनर यांच्या काही व्याख्यानांत वंशांविषयी उच्चनीचतेची विधाने आहेत. जर्मनीतील वॉल्डॉर्फ शाळांच्या संघटनेने २००७ मध्ये ‘स्टुटगार्ट जाहीरनामा’ काढून वंशभेदाविरुद्ध भूमिका घेतली. जातिभेदाचा अनुभव असलेल्या आपल्या समाजातील प्रशिक्षणवर्गात या विषयावर मोकळी चर्चा व्हायला हवी. ज्या वर्गात ती टाळली जाते, तेथे शिक्षकाला श्रद्धा शिकवली जाते आहे की अध्यापन, असा प्रश्न विचारण्याचा प्रशिक्षणार्थ्याला हक्क आहे.

वाचन उशिरा सुरू करण्याच्या आग्रहाबाबत मात्र थोडा आधार सापडतो. न्यूझीलंडमध्ये झालेल्या एका अभ्यासात पाचव्या वर्षी आणि सातव्या वर्षी वाचायला लागलेल्या मुलांची तुलना केली असता, अकराव्या वर्षाच्या सुमारास दोघांच्या वाचनात फरक उरलेला आढळला नाही. त्यातून उशीर चांगला असे सिद्ध होत नाही. घाईने फारसे काही कमावले जात नाही, एवढे म्हणता येते. सीनियर केजीत वाचनाची शिकवणी लावणाऱ्या पालकांसाठी तेवढेही पुष्कळ आहे.

प्रमाणपत्र आणि कायदा

आता नोकरीचा प्रश्न. वॉल्डॉर्फ प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र बी.एड. किंवा डी.एल.एड. यांची जागा घेत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २३ नुसार शिक्षकाची किमान पात्रता ठरवण्याचा अधिकार केंद्राने नेमलेल्या यंत्रणेकडे, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे आहे. त्या परिषदेने पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक केली. महाराष्ट्रात ती २०१३ पासून घेतली जाऊ लागली. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवानिवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही ही परीक्षा बंधनकारक ठरवली.

येथे वॉल्डॉर्फ पद्धतीचा एक गाभ्याचा विचार कायद्याच्या चौकटीवर आदळतो. या पद्धतीत एकच वर्गशिक्षक पहिलीपासून आठवीपर्यंत त्याच मुलांबरोबर पुढे जातो. कायद्याच्या लेखी मात्र पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी हे दोन निराळे स्तर आहेत. परीक्षेचे पेपरही दोन आणि पात्रताही दोन. २०१८ च्या एका अधिसूचनेने बी.एड.धारकांना प्राथमिक वर्गांची दारे उघडली होती. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली. परिणामी, बी.एड. आणि तीन वर्षांचे वॉल्डॉर्फ प्रशिक्षण दोन्ही केलेली व्यक्ती मान्यताप्राप्त शाळेत पहिलीचा वर्ग हाती घ्यायला अपात्र ठरू शकते, तर बारावीनंतर डी.एल.एड. केलेली व्यक्ती पात्र. अनेक पर्यायी शाळा ‘लर्निंग सेंटर’ म्हणून चालतात आणि त्यांची मुले मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसतात, त्यामागे अशा अडचणींचाही हात आहे. अशा ठिकाणी पगार किती, भविष्यनिर्वाह निधी आहे का, पुढे मान्यताप्राप्त शाळेत गेल्यास ही वर्षे अनुभवात धरली जातील का, हे प्रश्न प्रवेशअर्ज भरण्यापूर्वीच विचारावेत. संकोच करू नये.

दुसऱ्या बाजूने सरकारी चौकटही थोडी सरकली आहे. २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले तेव्हा त्यात ‘शिक्षणातील नाट्य आणि कला’ हा घटक आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलासमावेशित अध्यापनाची शिफारस केली. कागदावर हे स्वागतार्ह आहे. प्रत्यक्षात अनेक महाविद्यालयांत हा घटक एखाद्या प्रकल्पवहीत आणि वर्षाअखेरच्या नाटुकल्यात आटोपतो. पदवीधराने आठवड्याचे दोन तास वर्षभर रंगात, मातीत आणि सुरात घालवावेत, यासाठी वेळापत्रकात जागा नसते आणि शिकवणाराही नसतो. वॉल्डॉर्फ प्रशिक्षणात हेच तास मिळतात. पण ते स्वतःच्या खिशातून आणि स्वतःच्या सुट्या खर्च करून. त्यामुळे या वर्गांत नोकरी सोडण्याची ऐपत असलेल्या, इंग्रजीत सहज वावरणाऱ्या मंडळींची संख्या अधिक राहते आणि महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षिका तिथवर पोहोचत नाही. कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी निघालेल्या शाळेची पद्धत आपल्याकडे प्रामुख्याने सुस्थितीतल्या घरांपर्यंत पोहोचली, ही विसंगती या क्षेत्रातील लोकांनाही टोचते.

हा अभ्यास करायचे ठरवलेल्या पदवीधराने प्रथम एखाद्या वॉल्डॉर्फ वर्गात, पहिलीत शक्य झाल्यास उत्तमच, सलग आठवडाभर मागे बसण्याची परवानगी मागावी. अभ्यासक्रमात प्रत्यक्ष वर्गातील सरावाचे आठवडे किती आणि त्या वेळी मार्गदर्शक वर्गात हजर असतो का, हे पाहावे. एकूण शुल्कात निवास, साहित्य आणि प्रवास धरला आहे की नाही, हे लेखी घ्यावे. डी.एल.एड. किंवा बी.एड. झाले नसेल तर ते आधी की नंतर, याचा निर्णय कोणत्या वयाच्या मुलांना शिकवायचे त्यावरून करावा. आणि मराठीतून शिकवायचे असेल, तर प्रशिक्षणातील किती गोष्टी, गाणी आणि पाठ मराठीत करून घेतले जातात, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.